बोट लागणे

मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद फार कामसू आहे. भूक लागते, ऊन लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, वेडही लागते. आणि बोट लागते. या शेवटच्या प्रयोगाचे दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते तेव्हा सगळे खूश असतात, आणि बोट माणसाला लागते तेव्हा त्याला कधी एकदा ती धक्क्याला लागते असे होते. पुढे रस्ते आले, एसटी आली आणि आपण ‘गाडी लागणे’ म्हणू लागलो. दोष गाडीचा नसतो आणि प्रवाशाचाही नसतो, पण भाषेने तो गाडीवर टाकला. हे मला आवडते. माणसाला दोष देण्यापेक्षा बरे.

ग्रीक लोकांनीही असेच केले. त्यांच्या भाषेत जहाजाला ‘नाउस’ म्हणतात. आपल्या संस्कृतातला ‘नौ’ आणि हा ‘नाउस’ एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. मळमळीला इंग्रजीत ‘नॉशिया’ म्हणतात तो शब्द या ‘नाउस’पासूनच निघाला. म्हणजे आपली नौका आणि डॉक्टरांचा नॉशिया ही चुलत भावंडे ठरतात! पोट कशानेही ढवळू दे, युरोपातल्या माणसाला त्याचे नाव जहाजावरूनच सुचले.

हा विषय निघण्याचे कारण असे. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून कॉर्डेलियाची क्रूझ सुरू झाली आणि आमच्या वयाच्या मंडळींत एक नवीनच प्रश्न ऐकू येऊ लागला. मुले तिकिटे काढून देतात, आई-बाबांनी गोव्याला नाहीतर लक्षद्वीपला जाऊन यावे म्हणतात, आणि इकडे आई-बाबा रात्री एकमेकांना विचारतात, ‘बोट लागली तर?’ एका ओळखीच्या गृहस्थांनी तर या एका भीतीपायी जाणेच रद्द केले. त्यांची भीती खोटी नव्हती. पण तिच्यात थोडी लाजही मिसळलेली होती. चार लोकांत फजिती होईल, ही ती लाज. या लाजेचा इतिहास उलटीच्या इतिहासाइतकाच जुना आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

हिपॉक्रॅटिस हा ग्रीक वैद्य. हालचालीने शरीराचे तंत्र बिघडते हे सांगताना त्याने समुद्रप्रवासाचाच दाखला दिला आहे. म्हणजे सुमारे २४०० वर्षांपूर्वी वैद्याला मूळ गोष्ट कळली होती की हा रोग अन्नाचा नाही, हालण्याचा आहे. एवढे कळूनही पुढची दोन हजार वर्षे उपाय झाले ते सारे पोटावर. याची गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या एका पत्रात स्वतःची हकीकत दिली आहे. नेपल्सच्या आखातात थोडेसेच अंतर कापायचे म्हणून तो होडीत बसला. मध्येच समुद्र खवळला. याला उलटी होईना आणि मळमळ थांबेना, म्हणजे सर्वांत वाईट अवस्था. शेवटी किनारा जवळ आल्यावर नांगर पडायचीही वाट न बघता त्याने पाण्यात उडी टाकली आणि तो खडकांवरून कसाबसा वर आला. संकटात मन स्थिर ठेवावे असे जन्मभर सांगणारा हा माणूस. पण त्याने हे लपवले नाही, स्वतःवर हसत लिहून ठेवले.

सिसेरोची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. इ.स.पू. ४३ साली मार्क अँटनीने त्याचे नाव मारायच्या यादीत घातले. सिसेरो समुद्रमार्गे पळून जायला निघाला. वारा उलटा होता, जहाज परत परत किनाऱ्याकडे ढकलले जात होते, आणि लिव्ही या इतिहासकाराने लिहिले आहे की खुद्द सिसेरोलाही जहाजाचे ते हेलकावे सोसवेनात. पळून पळून तो कंटाळलाही होता. तो आपल्या समुद्रकाठच्या घरी परतला आणि ७ डिसेंबरला मारेकऱ्यांनी त्याला गाठले. बोट लागली म्हणून रोमचा सर्वांत मोठा वक्ता मेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या निर्णयात तिचा वाटा होता.

तिकडे चीनच्या जुन्या वैद्यकात जहाजाने होणारा त्रास आणि गाडीने होणारा त्रास यांना वेगवेगळी नावे होती. अगदी आपल्या बोट लागणे आणि गाडी लागणे यांच्यासारखी. उपायांमध्ये घरच्या चुलीतली माती केसांत लपवून न्यावी असाही एक उपाय सांगितलेला आढळतो. हा उपाय वाचून मी जरा थांबलो. तिचा औषधी गुण काही असणार नाही, पण घर सोडून निघालेल्या माणसाच्या डोक्यात चुलीची माती असावी, ही कल्पना कोणा आजीलाच सुचली असेल असे मला वाटते.

आता लाजेकडे येतो. समुद्र ज्यांचा धंदा, त्यांना बोट लागत नाही अशी आपली समजूत. इंग्लंडचा अ‍ॅडमिरल नेल्सन, ज्याने ट्रफाल्गारची लढाई जिंकली, त्याला आयुष्यभर बोट लागत होती. बारा वर्षांचा असताना नौदलात शिरला आणि १८०५ साली जहाजावरच गेला. त्याच्या एक वर्ष आधीच्या एका पत्रात त्याने स्पष्ट कबूल केले आहे की जोराचा वारा सुटला की आपण दर वेळी आजारी पडतो, या व्यवसायावरचे प्रेमच काय ते आपल्याला समुद्रावर धरून ठेवते. एक हात आणि एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या माणसाला कोण भित्रा म्हणेल?

चार्ल्स डार्विनचे हाल याहून वाईट. ‘बीगल’ जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी इंग्लंडहून निघाले आणि बिस्केच्या उपसागरातच डार्विन आडवा झाला. पोटात काही ठरेना. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की बिस्किटे आणि मनुका एवढेच काय ते पोट ठेवून घेते. लोक सांगतात की दोन-चार दिवसांत सवय होते. बहुतेकांची होतेही. डार्विनची पाच वर्षांत झाली नाही. सफरीच्या शेवटच्या वर्षीही तो घरच्या पत्रांत समुद्राला शिव्याच देत होता. परंतु या पाच वर्षांपैकी तीन वर्षांहून अधिक काळ तो जमिनीवर होता, समुद्रावर फक्त दीड वर्ष. जमीन दिसली की उतरायचे, घोड्यावरून, पायी आत आत जायचे, जहाजाला पुढच्या बंदरात गाठायचे. त्याला जिज्ञासा होती हे खरेच. पण त्याचे पोट शाबूत राहते तर तो इतका वेळ डोंगरदऱ्यांत हिंडला असता का, असा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

याच्या उलट आपले गांधीजी. ४ सप्टेंबर १८८८ रोजी एकोणीस वर्षांचे होण्याच्या जरा आधी ते मुंबईहून विलायतेला निघाले. आत्मकथेत त्यांनी सांगितले आहे की आपल्याला बोट अजिबात लागली नाही. लाजेने मात्र जीव खाल्ला, कारण इंग्रजीत बोलायची सवय नव्हती आणि काट्याचमच्याने जेवता येत नव्हते. पुढे १८९६ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या वाटेवर मोठे वादळ झाले. तेव्हाही त्यांना काही झाले नाही आणि ते घाबरलेल्या उतारूंमध्ये फिरून त्यांना धीर देत राहिले. आता नेल्सन आणि गांधीजी या दोघांना शेजारी ठेवा. एक लढवय्या, एक अहिंसावादी, धैर्यात दोघेही कमी नाहीत. एकाला बोट लागते, दुसऱ्याला नाही. याचा मनोबलाशी संबंध नाही हे यातून दिसते. असो.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि हौसेने, कामाने प्रवास करणारे लोक एकदम वाढले. त्याबरोबर उपायांचाही बाजार भरला. पोटाला घट्ट पट्टा बांधा, ब्रँडी घ्या, शॅम्पेन घ्या, काहीच घेऊ नका, अफूचा अर्क घ्या. लंडनचा जॉन चॅपमन हा प्रकाशक होता आणि डॉक्टरही. त्याने पाठीच्या कण्यावर बर्फाची पिशवी बांधण्याचा उपाय काढला आणि १८६४ साली त्यावर पुस्तक लिहिले. भर थंडीत इंग्लिश खाडी ओलांडताना पाठीला बर्फ बांधून बसलेल्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्याला मळमळ आठवायला फुरसत झाली नसेल!

पण या साऱ्यांत मला सर्वांत आवडतो तो हेन्री बेसेमर. पोलाद स्वस्तात करण्याची पद्धत याच्या नावाने ओळखली जाते. शाळेच्या पुस्तकांत ‘बेसेमर भट्टी’ असायची, मीही ती शिकवली आहे. १८६८ साली फ्रान्सहून इंग्लंडला येताना त्याला इतकी जबरदस्त बोट लागली की घरी पोचल्यावरही कित्येक तास तो आजारीच होता. कारखानदार माणूस, त्याने ठरवले की औषधाने हे जायचे नाही, यंत्राने घालवू. जहाज हलेल तर हलू दे, माणसे बसतात ती खोली हलता कामा नये. त्याने जहाजाच्या पोटात एक सत्तर फूट लांबीचा दिवाणखाना आसांवर झुलता बसवला. जहाज डावीकडे कलले की दिवाणखाना उजवीकडे वळवायचा, म्हणजे आत जमीन सपाट. त्यासाठी एक माणूस पाण्याची पातळी दाखवणारी नळी डोळ्यांसमोर धरून बसणार आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचा दांडा फिरवत राहणार. आत नक्षीकाम, कोरीव लाकूड, मखमली आसने. या कामात त्याचा स्वतःचा पुष्कळ पैसा गेला.

८ मे १८७५ रोजी पाहुणे घेऊन ‘बेसेमर’ जहाज फ्रान्सच्या कॅले बंदरात शिरले. झुलता दिवाणखाना त्या दिवशी जखडूनच ठेवला होता. जहाज सुकाणूला दाद देईना, आणि ते सरळ जाऊन धक्क्यावर आदळले. धक्क्याचा बराच भाग कोसळला. भागधारकांचा विश्वास उडाला, कंपनी बुडाली, जहाज मोडीत निघाले. तो दिवाणखाना मात्र जहाजाचा आराखडा करणाऱ्या एडवर्ड रीडने उचलून केंट परगण्यातल्या आपल्या घराला जोडला आणि तिथे बिलियर्ड्स खेळायची खोली केली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ती खोलीही गेली. ज्या दिवाणखान्याने समुद्रावर कधी कुणाचे पोट शांत केले नाही, तो जमिनीवर जाऊन अगदी स्थिर राहिला.

बेसेमर फसला तरी त्याची दिशा बरोबर होती, हे लक्षात ठेवा. त्याकडे परत यायचे आहे. कारण याच सुमारास दुसरीकडे रोगाचे खरे ठिकाण सापडत होते. ते पोटात नव्हते, कानात होते.

आपल्या कानाच्या आतल्या भागात ऐकण्याच्या शंखाशेजारी तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळते की आपण वळलो. शेजारीच सूक्ष्म खड्यांच्या दोन पिशव्या असतात, त्या वर-खाली, पुढे-मागे जाणे ओळखतात. फ्रान्सच्या फ्लूरान्स याने १८२० च्या दशकात कबुतरांच्या या नळ्या कापून पाहिल्या, तेव्हा पक्षी ऐकत होते पण तोल सावरू शकत नव्हते. कान फक्त ऐकण्यासाठी नसतो, हे तेव्हा समजू लागले.

पुढचे पाऊल अमेरिकेतल्या विल्यम जेम्सने टाकले, आणि मला वाटते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. त्याच्या मनात आले की ज्यांचा कान आतून निकामी झाला आहे त्यांना चक्कर येते का, हे विचारावे. इतकी शतके बोट लागणाऱ्यांना सगळ्यांनी विचारले होते, ज्यांना ती लागूच शकत नाही त्यांच्याकडे कोणी गेले नव्हते. जेम्सने मूकबधिरांच्या शाळांमध्ये चौकशी केली. गरगर फिरवल्यावर ५१९ जणांपैकी १८६ जणांना मुळीच चक्कर आली नाही, १३४ जणांना अगदी थोडी आली. हार्वर्डमधल्या सुमारे २०० ऐकू येणाऱ्या माणसांत असा एकच निघाला. खवळलेल्या समुद्रावर जाऊन आलेले काही मूकबधिरही त्याला भेटले, त्यांना बोट लागली नव्हती. हे १८८२ साली छापून आले. त्याच्या एक वर्ष आधी आयर्विन नावाच्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते की हा आजार केवळ समुद्राचा नाही, कोणत्याही गतीचा आहे. पुढे १९१४ साली रॉबर्ट बारानी याला अंतर्कर्णाच्या या तोलयंत्रावरील कामासाठी नोबेल मिळाले, तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता.

जेम्सच्या निरीक्षणाचा कळस झाला तो १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून. अमेरिकेचे नौदल आणि नासा यांना अंतराळवीरांची चिंता होती. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजातून त्यांनी अकरा पुरुष निवडले. त्यांतल्या दहा जणांचे कान लहानपणी मेंदूज्वराने गेले होते. या मंडळींना गरगर फिरवले, विमानात वर-खाली उडवले. एकदा नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेले. हे अकरा जण मजेत पत्ते खेळत बसले आणि त्यांची तपासणी करायला आलेले संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग बंद करून परतावे लागले!

थोडक्यात कारण असे. केबिनमध्ये बसल्यावर डोळे सांगतात की भिंत जागेवर आहे, पलंग जागेवर आहे. कान सांगतो की आपण वर चाललो, आता खाली चाललो. मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत. मग उलटी का व्हावी? मिशेल ट्राइझमन याने १९७७ साली एक तर्क मांडला की निसर्गात अशी विसंगती विष पोटात गेल्यावरच होते, म्हणून मेंदू विषबाधा समजून पोट रिकामे करतो. सिद्ध झालेला नाही, पण तर्क पटण्यासारखा आहे. म्हणून तर डेकवर उभे राहून क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते, कारण मग डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि साक्ष जुळते. केबिनमध्ये बसून पुस्तक वाचणे किंवा मोबाइलमध्ये डोके घालणे म्हणजे खोट्या साक्षीदाराला आणखी जोर देणे. बाहेर जाणे जमत नसेल तर डोळे मिटून उताणे पडून राहावे, म्हणजे एक साक्षीदार गप्प बसतो.

इथे मला कोकण बोटीची आठवण येते. १९६० च्या आसपास भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला आम्ही बोटीनेच जात होतो. डेकवर सतरंज्या अंथरायच्या, ट्रंका उशाला घ्यायच्या. इंजिनाच्या तेलाचा वास, सुक्या मासळीचा वास आणि त्यात कुणाची तरी पहिली उलटी. एकीने सुरुवात केली की शेजारणीला धीर निघत नसे. बायका लहान मुलांना पोटाशी घेऊन, पदर तोंडावर ओढून निपचित पडलेल्या असत. पुरुष मात्र ‘जरा वारा खाऊन येतो’ म्हणून कठड्याशी जात, आणि तोंड पुसून हसत परत येत. मग ‘बायकांना फार लागते बुवा’ असे म्हणत. हर्णैला, दाभोळला बोट थांबायची तेव्हा तर जास्तच त्रास, कारण चालती बोट जितकी स्थिर तितकी थांबलेली नसते. आणि पडावात उतरताना दोघांचे हेलकावे वेगळे. आईच्या पिशवीत आलेपाकाच्या वड्या, आवळासुपारी आणि लिंबू ठरलेले. ‘समुद्राकडे बघू नकोस, डोळे मिटून पड’, असे ती सांगायची. तिला अंतर्कर्ण माहीत नव्हता, पण निम्मा उपाय बरोबर होता. दुसरा निम्मा, म्हणजे लांब क्षितिजाकडे बघणे, ते कठड्याशी वारा खाणाऱ्या पुरुषांच्या वाट्याला न कळत येत होते. पोरे सांभाळणाऱ्या बायकांना डेकच्या मधोमधून उठता कुठे येत होते? त्यांना जास्त लागायची यात नवल ते काय.

औषधाची गोष्ट युद्धामुळे पुढे सरकली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीवर उतरणाऱ्या सैनिकांना होड्यांत बसण्यापूर्वी गोळ्या आणि ओकारीसाठी कागदी पिशव्या दिल्या होत्या. किनाऱ्यावर पाय ठेवताच लढायचे, आणि पाय ठेवणारा माणूस आधीच उलट्यांनी गळून गेलेला. तेव्हा हा प्रश्न फजितीचा राहिलेला नव्हता, जिवाचा होता. ब्रिटिशांच्या गोळीत हायोसिन होते. हे द्रव्य धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींत असते. धोतरा आपल्याला माहीत आहे तो महादेवाला वाहायला, आणि ठगांच्या गोष्टींत. मात्रा किती महत्त्वाची पाहा! तेच द्रव्य कानामागे चिकटवायच्या पट्टीत घालून वापरायला अमेरिकेत १९७९ साली परवानगी मिळाली.

दुसरे औषध योगायोगाने सापडले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टर गे आणि कार्लिनर अ‍ॅलर्जीच्या एका नव्या औषधाची चाचणी घेत होते. अंगावर गांधी उठणारी एक गरोदर बाई त्यांच्याकडे येत होती. तिला ट्रॅम लागायची, जन्माची. औषध सुरू झाल्यावर तिने सांगितले की आता ट्रॅम लागत नाही. डॉक्टरांनी ती गोष्ट कानाआड केली नाही, हे त्यांचे मोठेपण. १९४७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून जर्मनीला सैनिक नेणाऱ्या ‘जनरल बॅलू’ जहाजावर हजाराहून अधिक माणसांवर त्याची परीक्षा झाली, काहींना खरी गोळी, काहींना नुसती साखरेची. खऱ्या गोळीने बहुतेक जण तरले. ते औषध ड्रामामीन. आपल्याकडे एसटीच्या प्रवासात घराघरांत पोचली ती अ‍ॅव्होमिन, तिच्यातले प्रोमेथाझिन याच जातीचे, १९४० च्या दशकातले फ्रेंच संशोधन.

या गोळ्यांबद्दल एक गोष्ट इतिहासातूनच शिकण्यासारखी आहे. त्या आधी घ्यायच्या असतात, प्रवासाच्या तासभर तरी आधी. मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते, गोळी तिथेच पडून राहते आणि मग उलटीबरोबर बाहेर पडते. आणि आमच्या वयाच्या मंडळींसाठी दुसरी गोष्ट. या दोन्ही जातींच्या औषधांनी तोंड कोरडे पडते, झोप येते, कधी म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखे होते. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्या घातक ठरू शकतात. हलत्या जहाजाच्या जिन्यावर पेंगुळलेला सत्तरीचा माणूस पडला तर उलटी परवडली असे म्हणावे लागेल. म्हणून मुलाने दिली म्हणून गोळी गिळू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे. एक दिलासा असा की लहानपणी, साधारण नऊ-दहा वर्षांच्या सुमारास हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि पुढे वयाबरोबर कमी होत जातो. तेव्हा साठ वर्षांपूर्वी एसटीच्या खिडकीतून डोके काढलेल्यांना आता काहीच होणार नाही असेही घडते.

आता बेसेमरकडे. त्याची खोली फसली, पण जहाजच कमी हलावे हा विचार इतरांनी पुढे नेला. जहाजाच्या पोटाला बाहेरून माशासारखे पंख लावायचे, जहाज कलू लागले की पंख वळतात आणि पाण्याचा दाब उलटा लागू होतो. १९३६ साली इंग्लिश खाडीतल्या ‘आइल ऑफ सार्क’ला असे पंख लागले. मोठ्या उतारू जहाजांत पहिले मानले जाते ते पी अँड ओ कंपनीचे ‘चुसान’, १९५० च्या दशकाच्या आरंभीचे. ते लंडनहून मुंबईमार्गे अतिपूर्वेकडे जात असे. आज सगळ्या मोठ्या क्रूझ जहाजांना पंख असतात.

पण पंख डावी-उजवी डोलणे कमी करतात, वर-खाली होणे नाही. आणि खरे नुकसान तर त्यातच आहे. १९७४ साली अमेरिकेत माणसांना एका कोठडीत बसवून वर-खाली हलवून पाहिले, तेव्हा आढळले की साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा या गतीने सर्वांत जास्त उलट्या होतात. फार जलद हलवले तर फारसे काही होत नाही, अगदी संथ हलवले तरी नाही. म्हणून केबिन निवडताना समुद्राच्या देखाव्याला भुलून सर्वांत वरची आणि पुढची घेऊ नये. पाळण्याच्या टोकाला बसणारा जास्त वर जातो, मध्ये बसणारा नाही, जहाजाचेही तसेच. मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली बरी. ती बहुधा स्वस्तही असते. म्हणजे या एका बाबतीत कमी पैसे देणाऱ्याला जास्त सुख मिळते! आणि महिना कोणता हेही बघावे. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंदच असत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय कोळी बांधव होड्या काढत नसत. हिवाळ्यातला आपला अरबी समुद्र बहुतेक दिवस शांत असतो.

राहता राहिले आले. १९८८ साली डेन्मार्कमध्ये नौदलाच्या ८० शिकाऊ सैनिकांना खुल्या समुद्रावर सुंठीसारखी आल्याची पूड किंवा नुसतीच भुकटी देऊन पाहिले. एक ग्रॅम आले घेतलेल्यांना उलट्या आणि घाम कमी आला, मळमळ मात्र फारशी कमी झाली नाही. इतर काही प्रयोगांत एवढाही फायदा दिसला नाही. माझ्या आईच्या पिशवीतला आलेपाक डॅनिश नौदलाच्या परीक्षेत काठावर पास झाला, असे म्हणू. त्यात गूळ होता, तो वेगळाच. पुढच्या महिन्यात आमच्या ओळखीचे एक जोडपे क्रूझवर निघाले आहे. मधल्या भागातली, तिसऱ्या मजल्यावरची खोली त्यांनी घेतली आहे. डॉक्टरांनी आजोबांना गोळी नको म्हटले, काचबिंदू आहे म्हणून. आजींनी आले किसून वड्या केल्या आहेत आणि पहिल्या दिवशी कोरडे पोहे, पोळी एवढेच खायचे असा बेत आहे.